तपासणी कामाचीही व्हायला हवी

कारखान्याच्या डॉक्टरचं काम म्हणजे बोटाला पट्टी बांधणं आणि डोकेदुखीवर गोळी देणं, असा समज चांगल्या शिकलेल्या लोकांतही आढळतो. माझ्याबरोबर एमबीबीएस झालेल्या मैत्रिणींनाही मी नेमकं काय करते हे समजावून सांगावं लागतं. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथला औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम करून मी या क्षेत्रात आले आणि तेव्हापासून चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करते आहे. या शास्त्राचा पाया इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने घातला. 1700 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने खाणकामगार, कुंभार, धोबिणी, सुईणी अशा नाना व्यवसायांतल्या लोकांचे आजार नोंदवले. रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचाराल तेव्हा त्यात आणखी एकाची भर घाला, असं त्याने वैद्यांना सांगितलं. तो प्रश्न म्हणजे, तू काम काय करतोस?

तीनशे वर्षं उलटली तरी हा प्रश्न आपल्याकडच्या केसपेपरवर क्वचितच दिसतो. दिसलाच तर उत्तर एका शब्दात असतं, ‘नोकरी’. मागे एक जोडणी कामगार उजव्या कोपराच्या दुखण्याने हैराण होऊन माझ्याकडे आला. गोळ्या झाल्या होत्या, शेक झाला होता, कोपरात इंजेक्शनही झालं होतं. मी त्याच्याबरोबर लाइनवर गेले. त्याच्या उंचीच्या मानाने टेबल उंच होतं, त्यामुळे हवेवर चालणारी स्क्रूची गन धरताना पाळीभर त्याचा कोपर खांद्याच्या रेषेत उचललेला राहायचा. देखभाल विभागातल्या फिटरने पायाखाली लाकडी फळ्यांचा चौथरा करून दिला आणि काही आठवड्यांत दुखणं ओसरलं. उपचार त्या चौथऱ्याने केला. या लेखात मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका उदाहरणात आहे. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी आज कंपन्या बराच पैसा खर्च करतात, त्यात माणसाची तपासणी होते. तो करत असलेल्या कामाची मात्र होत नाही.

आपल्याकडे या विचाराची सुरुवात फार चांगली झाली होती. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचे ठराव केले. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. गिरणी सकाळी साडेसहाला सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला थांबावी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. काम करताना जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडला. एचआरमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींसमोर बोलायची वेळ आली की मी ही यादी आवर्जून सांगते. सुट्टी, विश्रांती, कामाचे तास, वेळेवर पैसा आणि जखमी माणसाची हमी या पाच गोष्टी धरून केलेला आरोग्य कार्यक्रम आजही मला कुठे पूर्ण स्वरूपात सापडत नाही.

त्या रविवारच्या सुट्टीशी एका आजाराचंही नातं आहे. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होतो. ब्लो-रूम आणि कार्डिंग या खात्यांत, जिथे कापूस पिंजला जातो, तिथे त्याचा जोर जास्त. सुरुवातीला माणूस सुट्टी संपवून कामावर परतला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आणि आठवडा पुढे सरकतो तसा त्रास कमी होतो. काही वर्षांनी तो रोजचा होतो आणि मग परतीची वाट उरत नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांमधल्या या आजाराचा अभ्यास केला. असा आजार ओळखायला स्टेथोस्कोप पुरत नाही. कोणत्या खात्यात काम करता आणि कोणत्या वारी त्रास जास्त होतो, हे विचारावंच लागतं. हे न विचारणाऱ्या डॉक्टरच्या हातून त्याची नोंद दमा किंवा जुना खोकला अशीच होणार.

आता आजच्या कंपनीकडे वळू. वर्षातून एकदा तपासणीची व्हॅन येते. उंची, वजन, रक्तदाब, साखर, छातीचा एक्स-रे, डोळे, कान. 21 जूनला योगदिन, 8 मार्चला स्त्रीरोगतज्ज्ञांचं व्याख्यान. मोबाइलवर पावलं मोजणारं अ‍ॅप आणि त्यावर खात्याखात्यांची स्पर्धा. ताणमुक्तीवर एक वेबिनार. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. योगासनांनी पाठीचं दुखणं हलकं झालेले कामगार मी पाहिले आहेत आणि चालायला लागलेल्या माणसाचं मला कौतुकच आहे. पण कंपनी यावर पैसा घालते तेव्हा त्यातून काय साधतं, हे तपासायला हवं, आणि ते तपासण्याचं काम अमेरिकेत फार काटेकोरपणे झालं आहे.

2010 साली कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. आरोग्य कार्यक्रमावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे 3.27 डॉलर आणि गैरहजेरीच्या खर्चात सुमारे 2.73 डॉलर वाचतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. असे कार्यक्रम विकणाऱ्यांच्या सादरीकरणात हे आकडे पहिल्या दोन-चार पानांतच झळकू लागले. मीही ते अनेक बैठकांमध्ये पाहिले आहेत. पुढे यांच्यातल्याच दोघांनी, साँग आणि बेकर यांनी, बीजेज होलसेल क्लब या अमेरिकी दुकानसाखळीत प्रत्यक्ष प्रयोग केला. 160 दुकानं आणि जवळपास 33,000 कर्मचारी. त्यातली 20 दुकानं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तिथेच कार्यक्रम राबवला. दीड वर्षानंतरचे निकाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम असलेल्या दुकानांतले जास्त लोक आम्ही व्यायाम करतो, वजनावर लक्ष ठेवतो असं सांगत होते. पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी यांत दखल घेण्यासारखा फरक नव्हता. आपल्याच आधीच्या निष्कर्षाला प्रयोगाने छेद दिला तरी तो जसाच्या तसा मांडणाऱ्या या संशोधकांबद्दल मला फार आदर आहे.

दोन निष्कर्षांत एवढं अंतर कशामुळे पडलं, याचं उत्तर इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगातून मिळतं. तिथल्या जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठीनेच कार्यक्रमात येण्याची संधी दिली, उरलेल्यांना दिली नाही. ज्यांना संधी मिळाली त्यांच्यातही सगळे आले नाहीत. संशोधकांनी आधी जुन्या पद्धतीने हिशेब केला, म्हणजे आलेले आणि न आलेले यांची तुलना केली. कार्यक्रम फारच गुणकारी दिसला. मग संधी मिळालेले सगळे आणि न मिळालेले सगळे अशी तुलना केली, आणि वैद्यकीय खर्चातला तो फायदा दिसेनासा झाला. जे लोक स्वतःहून नाव देतात ते मुळातच जास्त निरोगी असतात आणि त्यांचा औषधपाण्याचा खर्चही आधीपासून कमी असतो. जो पहाटे टेकडीवर जातो तोच पावलांच्या स्पर्धेत नाव घालतो. सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्रीनंतर कंपनीच्या बसने घरी पोचणारी आणि सकाळी मुलांचे डबे करणारी बाई त्या स्पर्धेत नसते. कार्यक्रमाच्या अहवालात तिची गणती ‘सहभाग न घेतलेले’ या रकान्यात होते.

मनःस्वास्थ्याच्या कार्यक्रमांची गतही अशीच निघाली. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाची अ‍ॅप, ताण सहन करायला शिकवणारे वर्ग, झोपेविषयीचे कार्यक्रम यांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या मनःस्थितीत आढळले नाहीत. 2024 मध्ये आलेला हा अभ्यास स्वच्छ सांगतो की माणसाला बदलत बसण्यापेक्षा कामाची मांडणी बदलायला हवी.

हे वाचून एखाद्या मालकाने वार्षिक तपासणी बंद करावी असं मात्र अजिबात नाही. अमेरिकेतले निष्कर्ष इथे तसेच्या तसे लावता येत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींहून अधिक आहेत, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहून जास्त. पस्तिशीतला धडधाकट दिसणारा तरुण, गावाकडून आलेला, कधी डॉक्टरची पायरी न चढलेला; त्याला साखर आहे हे आयुष्यात पहिल्यांदा कारखान्याच्या तपासणीतच कळतं. हे मी दरवर्षी पाहते. त्याच्यासाठी ती तपासणी अत्यंत मोलाची आहे. माझा प्रश्न त्यानंतर काय होतं याविषयी आहे.

बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही. लखोट्यात घातलेला अहवाल हातात पडतो, त्यावर ‘फिजिशियनचा सल्ला घ्यावा’ असा शिक्का असतो. सल्ला घ्यायला जायचं तर एक दिवसाची रजा पडते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर लखोटा ठेकेदाराच्या ऑफिसातच पडून राहतो. आणि कंत्राटी कामगाराच्या मनात तपासणीविषयी एक साधी, खरी भीती असते: साखर निघाली तर उद्या गेटपास बंद. म्हणून काही जण तपासणीच्या दिवशी गैरहजर राहतात, काही आदल्या रात्रीपासून उपाशी राहून आकडे बरे यावेत म्हणून धडपडतात. ही भीती जिथे आहे तिथे कोणताही आरोग्य कार्यक्रम उभा राहू शकत नाही. माझा पगार कंपनी देते आणि माझा रुग्ण कामगार असतो. या दोन्हींतून वाट काढायचा नियम आमच्या शास्त्रात स्पष्ट आहे. व्यवस्थापनाला मी एवढंच कळवते की हा माणूस या कामाला योग्य आहे, अयोग्य आहे, किंवा अमुक बंधनं पाळून योग्य आहे. त्याला काय आजार आहे हे त्याच्या आणि माझ्यात राहतं. साहेबांनी कितीही आपुलकीने विचारलं तरी हे बदलत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. तपासणीचे अहवाल नावाप्रमाणे लावले की आजारी माणूस सापडतो, आणि खात्याप्रमाणे लावले की आजारी खातं सापडतं. दुसरं काम जवळपास कोणी करत नाही.

एका कारखान्यातलं कानांचं उदाहरण घ्या. आवाजाने बहिरेपण येतं तेव्हा श्रवणाच्या आलेखात 4,000 हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. माणसाला तो जाणवत नाही, कारण बोलण्यातले स्वर नीट ऐकू येत असतात. स, श, फ अशा व्यंजनांच्या वेळी गडबड होते. घरची माणसं टीव्ही मोठा लावतो म्हणून कुरकुरतात, तो म्हणतो तुम्हीच पुटपुटता. कानाच्या आतल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत, म्हणून यावर औषध नाही. आपल्याकडे आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा धरतात. त्या कारखान्यात दरवर्षी काही जणांच्या अहवालावर ‘इअरप्लग वापरावेत’ असं लिहिलं जाई आणि फाइल बंद होई. मी मागच्या काही वर्षांचे आलेख घेऊन खात्याप्रमाणे टेबलावर मांडले. प्रेस शॉपमध्ये खड्डे असणार हे अपेक्षितच होतं. पण प्रेसपासून दूर असलेल्या एका फिनिशिंग लाइनवरच्या तरुण मुलांच्या आलेखांतही ते होते, आणि त्या लाइनवर कोणाचं लक्षच नव्हतं.

आवाज मोजायचं यंत्र घेऊन आम्ही तिथे उभे राहिलो. कारणं दोन होती. सुट्या भागांवरचा चुरा उडवायला मुलं दाबाखालच्या हवेची उघडी नळी वापरत होती, आणि तिची किंचाळी नेमकी कानाला सर्वांत घातक पट्टीतली होती. दुसरं म्हणजे तयार भाग लोखंडी पेटीत वरून टाकले जायचे. इंजिनिअरिंग विभागाने नळीला कमी आवाजाचं तोंड बसवलं, पेटीला आतून रबर लावलं आणि पेटी वर उचलून घेतली, म्हणजे पडण्याची उंची कमी झाली. खर्च एका योगदिनाच्या टी-शर्टांपेक्षा कमी आला. इअरप्लगचा उपयोग आहेच, पण आमच्या शास्त्रात त्यांचा क्रमांक शेवटचा. आधी धोका काढून टाकता येतो का पाहायचं, नाही तर बदलता येतो का, मग यंत्राला आवर घालायचा, मग कामाची वेळ आणि पद्धत बदलायची आणि अगदी शेवटी माणसाच्या अंगावर काही चढवायचं. बहुतेक कारखान्यांत हा क्रम उलटा चालतो.

काम बदललं की आरोग्य बदलतं याचा एक जुना आणि सुंदर पुरावा लंडनचा आहे. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. वाहकांनी कुठल्याही स्पर्धेत नाव दिलं नव्हतं, त्यांच्या कामातच जिना होता. पुढे मायकल मार्मट यांनी ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा दीर्घ अभ्यास केला, तो व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ओळखला जातो. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्यांवरून मिळून त्या फरकाचा अर्ध्याहूनही कमी भाग समजावता आला. 1985 पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की आपलं काम कसं आणि कधी करायचं यावर ज्याचा ताबा कमी, त्याला धोका जास्त. सुपरवायझरला विचारल्याशिवाय लघवीला जाता येत नाही अशा लाइनवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहताना मला हा निष्कर्ष आठवतो.

ताबा वाढवायला फार मोठी उलथापालथ लागत नाही. पाळ्यांचंच पाहा. फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट असा पुढे जाणारा क्रम शरीराला त्यातल्या त्यात सोसतो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. कित्येक ठिकाणी मात्र क्रम उलटा असतो, केवळ पूर्वीपासून तसा चालत आला म्हणून. क्रम बदलायला खर्च नाही. पुढच्या महिन्याचा तक्ता आधी लावला तर माणूस लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा, दवाखाना यांची आखणी करू शकतो. यालाही खर्च नाही. मधुमेह असलेल्या कामगाराची नाइट लागली की गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, जेवण कधी करायचं, हे त्याच्या डॉक्टरने सांगायला हवं, आणि डॉक्टरने ते सांगावं म्हणून आधी विचारायला हवं की तू कोणत्या पाळीत काम करतोस. पुन्हा रामाझ्झिनीच.

कँटीनवर मी स्वतंत्र लेख लिहू शकेन. 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कँटीन देणं 1948 च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केलं आणि ते चालवण्यात कामगारांच्या प्रतिनिधींना जागा दिली. ही जागा फार महत्त्वाची आहे. मी व्याख्यानात तेलतुपावर तासभर बोलण्यापेक्षा कँटीन समितीच्या बैठकीला हजर राहणं पसंत करते. तिथे ठरतं की पहाटे तीनला वडापाव मिळणार की उकडलेली अंडी आणि मटकीची उसळ. चहा साखर घालूनच उकळणार की साखर वेगळी ठेवणार. एवढ्या एका निर्णयाने हजार माणसांच्या पोटात जाणारी साखर त्याच दिवशी कमी होते, कोणाचंही मन वळवावं न लागता.

स्त्री कामगारांविषयी लिहिताना मला थोडं थांबावंसं वाटतं. त्या माझ्याकडे कशासाठी येतात? लघवीच्या जळजळीसाठी, ओटीपोटातल्या दुखण्यासाठी, चक्कर येते म्हणून. खोदून विचारलं की कळतं, त्या पाळीभर पाणीच पीत नाहीत. कारण स्वच्छतागृह लांब आहे, किंवा कडी नाही, किंवा लाइन सोडून जायला बदली माणूस लागतो आणि तो मागायचा संकोच वाटतो. अशा ठिकाणी ‘भरपूर पाणी प्या’ या विषयावर भित्तिपत्रक लावून काय होणार? लाइनवर एक बदली कामगार जास्त दिला आणि दाराला कडी लावली की औषधाच्या गोळ्या कमी लागतात. बसण्याचीही तीच कथा. केरळात कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. 2018 मध्ये तिथे कायद्यात दुरुस्ती झाली, 2021 मध्ये तमिळनाडूनेही ती केली. लक्ष्मी रोडवर दिवाळीची साडी घ्यायला जाल तेव्हा गादीवर साड्या उलगडणाऱ्या, काउंटरमागे उभ्या असणाऱ्या माणसांच्या पायांकडे एकदा पाहा. पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा हा त्यांच्या कामाचा अहवाल आहे.

आणि ज्यांना कोणीच ‘कर्मचारी’ म्हणत नाही त्यांचं काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजल्यावर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा धरून होणारी कपात. फडात संडास नाही, मासिक पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून पांढरं जाणं, पोट दुखणं हे अंगावर काढायचं आणि सोसेनासं झालं की खासगी दवाखान्यात पिशवीच काढून टाकायची. तपासण्या झाल्या त्या शरीराच्या, शस्त्रक्रिया झाल्या त्याही शरीरावर. खाड्याची पद्धत जागेवर राहिली. माझ्या शास्त्राच्या दृष्टीने हे निदानच चुकलेलं आहे, आणि ते चुकल्याची किंमत त्या बायकांनी मोजली आहे.

हिंजवडी आणि खराडीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत धूळ नाही, आवाज नाही, कँटीनही छान असतं. तिथला धोका तासांचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये एकत्र मांडलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्के जास्त असतो. दिवसाचं काम संपवून रात्री अमेरिकेच्या कॉलवर बसणारी मुलं-मुली हा हिशेब स्वतः मांडू शकतात. त्यांना समुपदेशकाचा फोन नंबर जरूर द्यावा, पण तो नंबर कोणी फिरवला हे कंपनीला कळणार नाही याची हमी लेखी असावी, आणि रात्री दहानंतरच्या कॉलची नोंद तासांत धरली जावी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त आजार टाळते.

कायद्यात बदल झाले आहेत. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची 2020 ची संहिता, जिच्यात 13 जुने कायदे एकत्र केले आहेत, 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली. 40 वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी हे तिचं एक मोठं आश्वासन आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत करते. त्याच संहितेत विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी लागणारी कामगारांची संख्या 10 वरून 20 वर नेली आहे, हे मला खटकतं. भोसरीच्या गाळ्यांमधून बारा-पंधरा माणसांवर चालणारी युनिट अगणित आहेत. बोटं तुटतात ती बहुधा तिथे, डॉक्टर पोचत नाही तोही तिथेच.

म्हणून वाचकांपैकी जे असं छोटं युनिट चालवतात त्यांना आधी विनंती: वेलनेसचं पॅकेज राहू द्या. कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह, पिण्याचं थंड पाणी, बसायला स्टूल, भिंतीवर प्रथमोपचार पेटी आणि एक रक्तदाबाचं यंत्र, एवढं या महिन्यात करा. जे नोकरीत आहेत त्यांनी आपला तपासणी अहवाल मागून घ्यावा, तो आपला आहे. मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवून पाहावा, आणि डॉक्टरकडे गेल्यावर त्यांनी विचारलं नाही तरी आपण काय उचलतो, किती तास उभे राहतो, कोणत्या पाळीत असतो हे स्वतःहून सांगावं. आणि ज्यांच्या सहीने तपासणीचं कंत्राट दिलं जातं त्यांनी यंदाच्या आदेशात एक ओळ वाढवावी: नावं वगळून सर्व निकाल खात्याप्रमाणे आणि पाळीप्रमाणे मांडून द्यावेत, अगदी लहान खातं असेल तर ते शेजारच्या खात्यात मिळवावं, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही. तपासणी करणाऱ्या संस्थेकडे ही सगळी माहिती संगणकात आधीच असते, आणि या कामाला जादा पैसे पडत नाहीत.